स्वतः जाऊन पाहणारा माणूस : डॉ. भाऊ दाजी लाड

दरवर्षी या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड यांची निवड केली. त्याला कारणही तसेच आहे. गाणे, नाटक, लेणी, जुन्या पोथ्या यांविषयी हल्ली पुष्कळ छापून येते. पण त्यातला बराचसा मजकूर आयोजकांनी किंवा जाहिरातदारांनी पुरवलेला असतो. लिहिणारा स्वतः उठून गेला, त्याने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, चार प्रश्न विचारले आणि मग कोणाची भीडभाड न ठेवता लिहिले, असे वाचायला मिळणे अवघड झाले आहे. भाऊ दाजींच्या काळी सांस्कृतिक पत्रकारिता असा शब्दही नव्हता. पेशाने ते डॉक्टर. परंतु ही वृत्ती त्यांच्यात पुरेपूर होती. त्यांचे आयुष्य आज पुन्हा वाचावे ते त्यासाठी.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आपण मुलाबाळांना घेऊन जातो, तेव्हा शेजारच्या संग्रहालयावर त्यांचे नाव दिसते. पण हे भाऊ दाजी मूळचे गोव्याचे, पेडणे तालुक्यातल्या मांद्रे गावचे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. आमच्या मंडळात पेडणे-डिचोलीकडची माणसे आहेत, त्यांनाही ही माहिती नवी वाटली, तेव्हा हे चरित्र सांगितलेच पाहिजे असे आम्हांला वाटले.

त्यांचे पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा. वडील विठ्ठलरावांना दाजी म्हणत आणि मुलाला भाऊ. पुढे साऱ्या जगाने हीच दोन घरगुती नावे उचलली. त्या वेळी पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात येऊन जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती. डिचोली आणि सत्तरी हे महाल त्याआधी काही वर्षे गेले होते आणि १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणेही गेले. या मुलखाला नव्या काबिजादी म्हणत. जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, माणसे परागंदा झाली. तसे इथे घडले नाही. देवस्थाने, जत्रा, दशावतार, कीर्तन आणि मराठी पोथ्या जागच्या जागी राहिल्या. तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे सावंतवाडी, आणि भाषा तीच.

शिक्षणाची सोय मात्र नव्हती. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला, म्हणजे हिंदुस्थानात सर्वांत आधी. पण अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिथली छपाई बंदच होती. ती पुन्हा सुरू झाली १८२१ मध्ये, भाऊंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, जेव्हा 'गॅझेता द गोवा' हे सरकारी पत्र निघाले. इकडे मुंबईत १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू झाला आणि १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण'. वर्तमानपत्र नावाची गोष्ट आणि भाऊ दाजी असे दोघे बरोबरीनेच वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईला आले. भाऊ लहानपणी बुद्धिबळ फार चांगले खेळत. एका इंग्रज गृहस्थाने त्यांचा खेळ पाहिला आणि या मुलाला इंग्रजी शिकवाच असा आग्रह वडिलांकडे धरला. बुद्धिबळाच्या पटावरून हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पोचला. तिथे त्यांनी नाव मिळवले. कच्छ-काठेवाडात मुलींना जन्मताच मारण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर निबंध लिहून त्यांनी बक्षीस पटकावले. पुढे तिथेच त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. एवढ्यावर सुखाने संसार करता आला असता. पण १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि शिक्षक असलेले भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते.

डॉक्टर म्हणून त्यांचा जम लवकर बसला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले आणि दोघांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. नारायणरावांना छायाचित्रणाचा नाद होता. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. सकाळी रोगी, दुपारी सभा, रात्री संस्कृत पोथ्या असा भाऊंचा क्रम पडला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, तेव्हाच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव आहे. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी हिरिरीने काम केले. चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची शाळा चालवली. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. हा मानमरातब मोठाच. पण आम्हांला त्यांची जी बाजू सांगायची आहे ती याहून वेगळी आहे.

पहिली गोष्ट नाटकाची. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, हे आपल्याला माहीत आहे. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, भावे आपली मंडळी घेऊन मुंबईला आले. त्या नाटकांत सूत्रधार पदे गाई, मृदंग-झांजा वाजत, आणि गायलेल्या कथेवर पात्रे आयत्या वेळी बोलत. पेडण्याच्या जत्रेत ज्यांनी रात्रभर दशावतार पाहिला आहे त्यांना ही पद्धत लगेच ओळखू येईल. इंग्रजी शिकलेल्या नव्या मंडळींपैकी अनेकांना तेव्हा आपल्या देशी खेळांची लाज वाटू लागली होती. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट हे भाव्यांच्या पाठीशी उभे राहिले. ग्रँट रोडचे नाटकगृह तोवर मुख्यतः इंग्रजी खेळांचे. तिथे भाव्यांचे खेळ झाले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मराठी नाटक उभे राहिले. त्याच मुक्कामात भाव्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदीतून केले, कारण मुंबईच्या प्रेक्षकांत सर्व भाषांचे लोक होते. मुंबईच्या मराठी, गुजराती आणि पारशी रंगभूमीचा पुढचा इतिहास या खेळांना वगळून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट लेण्यांची. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये इंग्रजांच्या नजरेस पडली आणि तिथल्या चित्रांचा बोलबाला झाला. भिंतींवरचे लेख मात्र नीट कोणी वाचले नव्हते. जे वाचन छापले गेले होते त्यात चुकाच फार होत्या. भाऊ दाजींनी छापील वाचनावर विसंबून टीका लिहिली नाही. १८६३ मध्ये, रेल्वे आणि सडकांची आजच्यासारखी सोय नसताना, ते स्वतः अजिंठ्याला गेले, अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून अक्षरे तपासली, ठसे घेतले आणि मग रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचला. सोळाव्या लेण्यातला वाकाटक राजांचा लेख पहिल्यांदा छापला तो त्यांनी. विदर्भात राज्य करून गेलेल्या एका मोठ्या घराण्याची ओळख त्यातून पटू लागली. गिरनारच्या खडकावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तीन काळांतल्या राजांचे लेख आहेत. त्यांपैकी रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांच्या लेखांचे नवे वाचनही त्यांनी याच सुमारास प्रसिद्ध केले.

तिसरी गोष्ट आकाशाची. आर्यभटाचे नाव सगळे घेत, पण त्याचा खरा ग्रंथ कोणता याविषयी युरोपातल्या पंडितांचाही गोंधळ होता. दुसऱ्याच एका आर्यभटाचा ग्रंथ त्याच्या नावावर खपत होता. भाऊंनी दक्षिणेकडून 'आर्यभटीया'च्या हस्तप्रती मिळवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि आर्यभट दोन होते हे दाखवले. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयी त्यांची टिपणे आली. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, अशी त्यात नोंद आहे. हा लेख उजेडात आणला तोही भाऊ दाजींनी. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे एका गणितज्ञाच्या नावे अभ्यासमठ होता, हे आज आपण अभिमानाने सांगतो. पण पाटणला जाऊन ते कोणी तरी वाचावे लागले.

ही टिपणे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत पाल्हाळ नाही. कुठे गेलो, काय पाहिले, अक्षर कुठे झिजले आहे, आधी कोणी काय वाचले होते आणि ते का चुकले, एवढेच असते. लिहिण्याचा मोबदला नव्हता. उलट प्रवास, नकला, पोथ्या आणि नाणी यांवर डॉक्टरकीतला पैसा खर्च होत असे. सरकारी खात्याचा हुकूम नव्हता की संस्थानिकाची फर्माईश नव्हती. म्हणूनच ते स्वतंत्र राहिले.

त्यांची सगळीच अनुमाने टिकली असे नाही. १८६१ च्या सुमारास कालिदासावर लिहिताना त्यांनी कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त असे मत मांडले. पुढच्या अभ्यासकांनी ते मान्य केले नाही. पण त्यांनी आपले पुरावे उघडपणे मांडून ठेवले होते, म्हणून तर ते खोडता आले.

आता चौथी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. करसनदास मूळजी हे मुंबईतले तरुण गुजराती संपादक. 'सत्यप्रकाश' या आपल्या पत्रात त्यांनी १८६० मध्ये एक लेख लिहून त्या वेळच्या काही धर्मगुरूंच्या, म्हणजे महाराजांच्या, वर्तनावर उघड टीका केली. श्रद्धेचा फायदा घेऊन स्त्रियांशी गैरवर्तन होते असा आरोप होता. जदुनाथजी महाराजांनी संपादकावर आणि मुद्रकावर अब्रूनुकसानीचा दावा लावला, पन्नास हजार रुपयांचा. मुंबईतले बडे व्यापारी महाराजांच्या बाजूने होते. साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकण्याची तयारी चालली होती. १८६२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला आणि साऱ्या शहराचे लक्ष तिकडे लागले.

संपादकाच्या बाजूने ज्यांनी साक्ष दिली त्यांत डॉ. भाऊ दाजी होते. महाराजांवर गुप्तरोगासाठी आपण उपचार केले आहेत, असे त्यांनी शपथेवर सांगितले. वाचकांनी क्षणभर विचार करावा. डॉक्टरचा धंदा श्रीमंत घरांवर चालतो आणि इथे श्रीमंत घरे नाराज होणार हे उघड होते. रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगणे हेही डॉक्टरला सोपे नव्हे. आजही त्यावर दोन मते होतील. गप्प बसण्याची सोय होती. पण छापलेली गोष्ट खरी आहे हे ठाऊक असलेला माणूस गप्प बसला, तर ती छापणारा एकटा पडतो. भाऊ दाजी गप्प बसले नाहीत. एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला आणि करसनदासांची मुख्य बाजू न्यायालयाने उचलून धरली. त्यांना खटल्याच्या खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मिळाले. या देशात वर्तमानपत्राने बलाढ्यांना प्रश्न विचारावा की नाही, याचा फैसला त्या दिवशी बऱ्याच अंशी झाला. ज्या वर्षी त्यांनी ही साक्ष दिली, त्याच्या पुढच्याच वर्षी ते अजिंठ्याच्या लेण्यांत ठसे घेत होते. आम्हांला या दोन गोष्टी निराळ्या वाटत नाहीत. जे पाहिले ते सांगायचे, मग ते पंडितांना न आवडो की शेठजींना.

त्यांच्या कामात एक मोलाचा सोबती होता. जुनागडचे भगवानलाल इंद्रजी. गिरनारच्या पायथ्याशी वाढलेला हा गुजराती तरुण जुनी लिपी स्वतःच्या खटपटीने शिकला होता. भाऊ दाजींनी त्यांना १८६२ च्या सुमारास मुंबईला आणले आणि पुढची बारा वर्षे ते त्यांच्यासाठी हिंदुस्थानभर फिरले: लेण्यांत, डोंगरांवर, राजपुतान्यात, काशीला, थेट नेपाळपर्यंत. भाऊंच्या नावावर छापलेल्या अनेक वाचनांमागे भगवानलालांनी घेतलेले ठसे आणि त्यांचे डोळे आहेत. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

भाऊंनी आयुर्वेदातल्या जुन्या औषधांचीही अशीच पारख केली. विशेषतः महारोग. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा त्यांनी रोग्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केला. गुण येतो असे दिसू लागले, तेव्हा देशोदेशीचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. पुरती खात्री होईपर्यंत औषधाचे नाव जाहीर करायचे नाही असा त्यांचा हट्ट होता, आणि त्याबद्दल त्यांना टीकाही सोसावी लागली. एरवी सगळे उघडपणे मांडणाऱ्या या माणसाने इथे मात्र झाकून ठेवले, ही त्यांच्या चरित्रातली खटकणारी गोष्ट आहे. पुढे याच जातीच्या झाडांचे तेल १९४० च्या दशकात नवी औषधे येईपर्यंत जगभर महारोगावरचा प्रमुख उपाय म्हणून वापरले गेले.

अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला. त्यात शहरातली कितीतरी घरे बसली. भाऊ दाजींचीही कमाई गेली. तरी पोथ्या जमवणे आणि भगवानलालांचे प्रवास थांबले नाहीत. भायखळ्याच्या संग्रहालयासाठी डॉ. बर्डवुड आणि नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी वर्गणी जमवली होती, खेटे घातले होते. ते संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, हे सुख त्यांना पाहता आले. त्यानंतर प्रकृती ढासळली. भगवानलाल तेव्हा नेपाळात होते. भाऊ फार आजारी असल्याचे कळताच ते परत निघाले. पण त्यांची भेट होऊ शकली नाही. ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी गेले, वयाची बावन्न वर्षेही पुरी व्हायच्या आत. त्याच वर्षी हॉलंडमध्ये लेडनला 'आर्यभटीय' पहिल्यांदा छापून निघाले. दहा वर्षांनी त्याच लेडनच्या विद्यापीठाने भगवानलालांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

भाऊंनी जमवलेल्या पोथ्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या आणि आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. त्यांचे निबंध १८८८ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र झाले. मनात होते त्यातले बरेच मात्र लिहायचे राहूनच गेले. मराठीत त्यांचे सविस्तर चरित्र यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते लिहिले अ. का. प्रियोळकरांनी, १९७१ मध्ये. तेही गोव्याचेच, फोंडा तालुक्यातल्या प्रियोळचे. १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

पेडणे-डिचोलीच्या मातीचा हा गुणच असावा असे आम्हांला कधी कधी वाटते. १८७७ मध्ये डिचोलीत जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, हेही मुंबईत नोकरी करता करता जुने कागद आणि ग्रंथ धुंडाळत राहिले. गोवा सोडून बाहेर गेलेल्या गोवेकरांचा इतिहास त्यांनी कोकणीत लिहिला. भाषेविषयीची त्यांची मते काहींना पटतील, काहींना नाहीत. पण शोधण्याची तळमळ तीच.

आपण तर गाव सोडून आलेली माणसे. आपल्या घरांतून अजून जुन्या आरत्यांच्या वह्या आहेत, आजीच्या तोंडी फुगड्यांची गाणी आहेत, जत्रेतल्या दशावताराच्या आठवणी सांगणारे आजोबा आहेत. त्यांवर कोणी बाहेरचा येऊन लिहील याची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळाच्या तरुण मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे: या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन बसा. कोण गात होते, कुठे, कोणत्या साली, कोणाकडून शिकले, हे विचारा, आणि सांगितले तसेच लिहून काढा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!